चंद्राबाई कुणाची?

मिरज, १८ नोव्हेंबर २०२४

नंदे,

अभिनंदन. फोनवर म्हटलंच होतं, चांगलं गोड आवाजात. आता खरं लिहिते. हॉस्टेल सुटल्यापासून आपला करारच आहे ना, गोड बोलायचं ते फोनवर आणि खरं बोलायचं ते कागदावर? तर खरं असं की परवा पेपरात तुझा फोटो बघितला आणि अशी जळले की सकाळचं दूध तसंच राहिलं.

'साताऱ्यातील बेघरांच्या राजनंदिनीताई.' पाच कॉलम! अगं, तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात निवारे काढले आपण. तू सातारच्या स्टँडमागं, मी मिरज स्टेशनच्या पलीकडं. तुझ्या वीस खाटा, माझ्या वीस. गाद्यासुद्धा एकाच दुकानातून घेतल्या. मग तुझा शिवतेज पुण्याची नोकरी सोडून आला, त्यानं ते 'थारा' ॲप काढलं आणि तू झालीस ताई. मी आपली मिरजेची कस्तुरीच राहिले.

ॲप चांगलं आहे, नाही म्हणत नाही. रिक्षावाल्याला नाहीतर पोलिसाला कुणी उघड्यावर पडलेलं दिसलं की त्यानं बटण दाबायचं, जवळच्या निवाऱ्यात निरोप जातो, गाडी जाते. प्रत्येकाला फोटोचं कार्ड, येताजाता ते फोनला दाखवायचं. शिवतेजनं माझ्याकडंही बसवून दिलं. मावशी मावशी करत चार पुरणपोळ्या खाऊन गेला. पण त्या ॲपात आपले दोन निवारे शेजारी शेजारी दिसतात. सातारा, विसातल्या वीस भरलेल्या. मिरज, विसातल्या चार. हे असं लावून दाखवायला कुणी सांगितलं होतं त्याला?

तेही मी गिळलं असतं. पण फोटोत तुझ्या शेजारी जी म्हातारी उभी आहे, हनुवटीवर गोंदण, डोक्यावर पदर, ती माझी चंद्राबाई आहे. खाली काय छापलंय तर 'लाभार्थी'. नऊ वर्षं मी त्या बाईला रोज सकाळी आमच्या जैन बस्तीतून देवदर्शन करून परतताना स्टेशनवर उप्पीट नेऊन दिलंय. तिला कानडी येतं, मराठी येतं, मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी बसून ती पेशंटला भेटायला आलेल्यांच्या चपला-पिशव्या सांभाळते. माझा निवारा झाला तेव्हा खिडकीजवळची पहिली खाट मी तिच्यासाठी राखली. पाच-सहा वेळा आली, एकेक रात्र झोपली आणि परत स्टेशनवर. दिवाळीआधी एकाएकी दिसेनाशी झाली. मी सगळे दवाखाने पालथे घातले. माझ्या मुलाला, अतिशयला, शवागारात बघायला पाठवलं, तो किती भित्रा आहे तुला ठाऊक आहे.

आणि ती तुझ्याकडं! महिनाभर! काय घालतेस गं तिला? तिला परत पाठव.

कस्तुरी


सातारा, २६ नोव्हेंबर २०२४

कस्तुरे,

आधी घोटभर पाणी पी.

परत पाठव म्हणे! ती काय उसनी आणलेली परात हाय व्हय, की काम झालं, घासून परत द्यावी? जितंजागतं माणूस आहे. आणि मला कुठं माहीत होतं ती तुझी आहे म्हणून? चार दिवस तापानं फणफणली होती, नावसुद्धा सांगत नव्हती.

कशी आली ते ऐक. तुझ्या त्या दवाखान्यापुढं कुणीतरी तिच्याकडं पिशवी ठेवली आणि पेशंट दगावला, तसे ते लोक रडत-ओरडत निघून गेले. पिशवी राहिली. आत कागद होते, कुणाकडून तरी तिनं वाचून घेतलं, गाव साताऱ्याकडचं. तर ही बाई ती पिशवी पोचवायला रेल्वेत बसली! इथं उतरून स्टँडवर आली आणि तापानं बाकड्यावर पडली. रिक्षावाल्यानं बटण दाबलं. शुद्धीवर आल्यावर पहिला सवाल, "पिशवी कुठाय?" शिवतेजनं त्या कागदांवरून माणसं हुडकली, तिच्या हातानंच पिशवी देवविली. ती माणसं तिच्या पाया पडली. मीपण पडणार होते, पण लोकं बघत होती.

आता ती इथं खूष आहे. वेळेला दोन भाकरी खाते. तुझी आठवण काढते का म्हणशील तर काढते, अधनंमधनं.

आमचे हे पलटणीत होते तेव्हापासून मला एक सवय, दुसऱ्याच्या गोटात काय चाललंय ते तोंडावर विचारायचं. तर विचारते. शिवतेज म्हणतो, मावशींच्या नोंदी विचित्र आहेत. माणसं साडेसातला कार्ड दाखवून आत येतात आणि आठला बाहेर जातात. रोज. झोपायला आलेलं माणूस अर्ध्या तासात का जाईल? तुझा तो राखणदार सिद्धू तोंडाळ आहे का? का तूच काही बोलतेस? तुझी जीभ मला ठाऊक आहे, हॉस्टेलात मी तीन वर्षं सोसलीय.

नंदा


मिरज, ५ डिसेंबर २०२४

राजनंदिनी,

पूर्ण नाव लिहिलं, समजून घे.

माझ्या निवाऱ्यात कोण किती वाजता येतं-जातं हे तुझा मुलगा साताऱ्यात बसून बघतो आणि तुला सांगतो? मी काय परीक्षेला बसलेय? मी घालवते म्हणे माणसांना! अगं, पाणी दोनदा गाळून देते मी. धुतलेल्या चादरी. स्वच्छ, सात्त्विक स्वयंपाक, कांदालसूण नाही, शिळं नाही. पाच वाजता पंगत मांडतो, पावणेसहाला सगळं आवरून भांडी पालथी. भिंतीवर बोट फिरव, धूळ लागणार नाही. तुझ्याकडं मी एकदा आले होते, स्वयंपाकघरात मांजर फिरत होतं. तरी तुझ्या वीसच्या वीस खाटा भरलेल्या आणि माझ्याकडं चार म्हातारे, त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.

तू नशीबच तसलं घेऊन आलीस, बाई. हॉस्टेलात दोघींनी मिळून नाटक बसवलं, बक्षीस घ्यायला तू गेलीस. रेक्टरबाईंना तुझं नाव पाठ, मला त्या 'ती दुसरी' म्हणायच्या. तेव्हा मी हसले. आता हसवत नाही. आता साठी जवळ आली आणि माझ्या हातात दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हातारी. तिनं एकदा माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "आक्का, तुमी नसता तर मी कवाच मेली असती." माझ्या पोटच्या पोरानं कधी असं म्हटलेलं नाही.

तुला फोटोसाठी एक चेहरा हवा होता, तो तू घेतलास. माणूस घेतलंस असं नको म्हणू.

कस्तुरी


सातारा, १४ डिसेंबर २०२४

कस्तुरे,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. 'फोटोसाठी चेहरा' हे तू लिहायला नको होतंस. त्याचं उत्तर मी आज देत नाही, कारण आज दिलं तर तोंडाला येईल ते लिहीन.

तुझ्या पत्रातली एकच गोष्ट उचलते. पाच वाजता पंगत, पावणेसहाला भांडी पालथी. मग तू काय करतेस? मला वाटतं, तू घरी जातेस. तीन वर्षांत एकदा तरी तू तुझ्या निवाऱ्यात दिवेलागणीनंतर बसलीस का? एक दिवस बस. मग मला शिव्या दे, मी घेईन.

नंदा


मिरज, २ जानेवारी २०२५

नंदे,

बसले.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच बसले. अतिशयला सांगितलं, आज गाडी आणू नकोस. साडेपाचला माझं स्वतःचं जेवण झालं, पंगत उठली, चारच माणसं होती. सहाला सूर्य गेला. सिद्धूनं ओटा पुसला, चूल पुसली, दिवे लावले. तो सारखा माझ्याकडं बघत होता, आक्का अजून का बसल्यात म्हणून. मी जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसले.

सव्वासातला पहिला आला. स्टेशनवरचा हमाल. कार्ड दाखवलं, आत डोकावला, "काय हाय का, सिद्धू?" सिद्धू म्हणाला, "संपलं. सकाळी." तो माठातलं पाणी प्याला, बाकावर जरा टेकला. मग गजरे विकणारी आली, तिच्यासोबत लेक. मग बांधकामावर सेंट्रिंग करणारे दोघं. सगळ्यांचा एकच प्रश्न, सिद्धूचं एकच उत्तर. आठ वाजता एकेक उठून निघाले. मी हमालाला म्हटलं, "अरे, खाट आहे, गादी आहे, जातोस कुठं?" तो म्हणाला, "गादी काय चावायची, आक्का? कुटं वडापाव मिळतोय का बघतो. तिकडंच पडतो मग." मी म्हटलं, पाच वाजता जेवायला का येत नाही? तर तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "पाच वाजता तर आमचा धंदा वो. पाच वाजता कोण जेवतं?"

कोण जेवतं! नंदे, मी जेवते. माझी आई जेवायची, आजी जेवायची. हॉस्टेलात मेसची बाई माझं ताट पाचला काढून ठेवायची, तुला आठवत असेल. जन्मभर सगळ्यांनी माझं ताट आधी वाढलं, म्हणून मला वाटलं, जग पाचलाच जेवतं. तीन वर्षं मी भुकेल्या माणसांच्या पुढं स्वच्छ पालथी भांडी मांडून ठेवली आणि घरी जाऊन म्हटलं, लोकांना चांगल्याची किंमत नाही.

मी सिद्धूवर ओरडले, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुमीच म्हटला हुता आक्का, दिवेलागणीनंतर आपल्यात चूल न्हाई." म्हटलं होतं. मग विचारलं, चंद्राबाई? तो खाली बघून म्हणाला, पाच-सहा वेळा आली. दवाखान्यात भेटायची वेळ पाच ते सात. ती पिशव्या सोडून कशी येणार? साडेसातला यायची, पाणी प्यायची आणि खिडकीजवळ झोपायची. उपाशी. आणि सकाळी मी स्टेशनवर उप्पीट घेऊन जायचे, मोठ्या आशेनं विचारायचे, झोप लागली का गं? "लय झ्याक लागली, आक्का," म्हणायची. मी फुगायचे.

घरी येऊन लय रडले मी. सुनेला वाटलं, दात दुखतोय.

आमच्यात म्हणतात, स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्हीचं पाप सारखंच. रात्री खायचं नाही तसं खाऊही घालायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळलंय. दोन दिवस डोकं फुटायची पाळी आली. तिसऱ्या दिवशी सिद्धूला म्हटलं, साडेसातला चूल पेटव, पाप लागायचं ते मला लागू दे, भुकेल्याला पाणी पाजून वाटेला लावणं कुठल्या पुण्यात बसतं? मी स्वतः थेंबही घेतला नाही. पण वाढलं मी, माझ्या हातानं. परवा चौदा होते, काल सतरा. ॲपात बघ.

आता पाठव ना तिला. मागच्या पत्रातलं ते वाक्य मागं घेते. हात जोडते.

कस्तुरी


सातारा, १५ जानेवारी २०२५

कस्तुरे,

तू हात जोडलेस आणि मला रात्रभर झोप आली नाही. काय लपवलंय ते आता सांगते. वाचून पत्र फाडलंस तरी चालेल.

चंद्राबाई इथं आल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून म्हणतेय, मला मिरजंला पोचवा. रोज म्हणतेय. मी म्हणायचे, अंगात ताकद येऊ दे, मग बघू. ताकद कधीच आली होती. मीच सोडत नव्हते.

एक कारण तू ओळखलंसच. पेपरवाले आले, एका संस्थेचे लोक बघायला आले, सगळ्यांना तीच हवी. पिशवी परत करायला आलेली म्हातारी! ॲप उघडलं की पहिला तिचाच फोटो. आणि अजून एक ऐक. पेपरात ते 'सामानसखी'चं छापलंय ना, दवाखान्यापुढं बेघर बायका लोकांचं सामान सांभाळतात, पिशवीला चिठ्ठी, तीच चिठ्ठी मालकाच्या मोबाइलवर, हरवायची भीती नाही? मी सांगितलं, शिवतेजची कल्पना. चिठ्ठ्यांचं डोकं त्याचं, खरंय. पण मुळात बरं वाटल्यावर तीच इथल्या दवाखान्यापुढं पोतं टाकून बसली. "लोकं बोचकी घिऊन रांगंत उभी हायती, कुनी बघाय नको?" शिवतेजनं तिला बघून ते केलं. आता तिच्या हाताखाली दोघीजणी आहेत. तिला रोजच्या रोज पगार मिळतो. ती त्याला 'बोचकंघर' म्हणते. तिचं नाव मी कुठंही सांगितलं नाही.

दुसरं कारण याहून वाईट आहे. ती दिवसभर तुझंच नाव घेते. मी तापात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, कस्तुरे. डोळे उघडून ती म्हणाली, "आक्का?" मी अंगावर गोधडी घातली की म्हणणार, आक्कांची चादर लय मऊ. मी भाकरी वाढली की, आक्कांच्या उप्पिटात लिंबू असतंय. अगं, तुझ्या त्या उप्पिटाचा मला इतका राग आला की घरात रवा आणणं बंद केलं! तू माझ्या पाच कॉलमांवर जळत होतीस आणि मी तुझ्या उप्पिटावर. तुला वाटतं, बक्षीस घ्यायला मी गेले. पण नाटक संपल्यावर सगळ्या पोरी गळ्यात कुणाच्या पडल्या होत्या? आठव जरा.

रविवारी शिवतेज तिला घेऊन येतोय. बोचकंघराचा फोन, चिठ्ठ्यांचं यंत्र, सगळं सोबत देतेय. मिरजेत दवाखाने इथल्यापेक्षा लय आहेत, तिथं जास्त चालेल. तिच्याच नावानं चालू कर.

नंदा


मिरज, ३० जानेवारी २०२५

नंदे,

आली! माझी चंद्राबाई आली!

पत्र फाडलं नाही. पण तुला माफही केलेलं नाही, ते सावकाश करीन. आज मला फुरसत नाही. गाडीतून उतरली ती सरळ माझ्या गळ्यात पडली, शिवतेजला विचार. खिडकीजवळच्या खाटेवर झोपते. आठला जेवते, माझ्या हातची आमटी दोनदा मागून घेते. तुझ्याकडं दोनदा मागायची का? खरं सांग.

बोचकंघर मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी सुरू केलं. तिच्यासोबत गजरेवाली आणि अजून तिघी. आष्ट्याकडची, तासगावची, कर्नाटकातली माणसं चार-चार दिवस पेशंटपाशी असतात, त्यांना बोचकं ठेवायला जागा मिळाली. ती कानडीत बोलली की बायका तिच्या हातावर हात ठेवून रडायला लागतात. शिवतेजनं पाटीवर 'सामानसखी' लिहून दिलं होतं, पण सगळे बोचकंघरच म्हणतात. पाटीवर तिचं नाव मी घातलंय, मोठ्या अक्षरात.

आता ॲप उघड आणि बघ. मिरज, विसातल्या वीस. सातारा, एकोणीस. तो एक कोण कमी झालाय, माहीत आहे ना? मला कुणी दुष्ट म्हणो, पण मी तो आकडा दिवसातून दहादा बघते. जळ आता तू थोडी.

कस्तुरी


सातारा, २० एप्रिल २०२५

कस्तुरे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून स्पीड पोस्टानं लिहितेय.

ॲपात चंद्राबाईच्या नावापुढं लाल खूण आलीय. पाच दिवस कार्ड दाखवलं नाही की ते आपोआप 'बेपत्ता' लिहितं. बोचकंघराच्या फोनवर विचारलं तर तिथली बाई म्हणते, "कामाला येती, पर झोपाय कुटं जाती ठावं न्हाई." म्हणजे परत स्टेशनवर! उन्हाळ्याचे दिवस, तिचं वय काय, तिला ताप चढला तर कुणाला कळायचं?

मिरवत होतीस ना, आली, आली म्हणून? मग गेली कशी? काय बोललीस तिला? का पुन्हा तुझा काहीतरी नेम आडवा आला? तुला ठेवून घेता येत नसेल तर सरळ सांग, शिवतेज उद्या गाडी घेऊन येतो. इथं तिची खाट मी अजून कुणाला दिलेली नाही.

नंदा


मिरज, २७ एप्रिल २०२५

नंदे,

फोन उचलला नाही, कारण तुला काय सांगू हे मला समजत नव्हतं. ती माझ्याकडूनही गेली, हे तुला सांगायचं म्हणजे जिवावर आलं होतं. तू लिहिलंस तेच माझ्याही मनात आलं, की परत स्टेशनवर गेली. सिद्धूला फलाटावर पाठवलं, तिथं नव्हती. शेवटी बोचकंघरावर जाऊन तोंडावर विचारलं. ती चिठ्ठी चिकटवत होती, मान वर न करता म्हणाली, "ऐतवारी या, सकाळी. दावती."

आज रविवार. आत्ता तिथूनच आले.

तिनं खोली केलीय, नंदे. भाड्यानं. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, भोपळे वाळत घालतात त्या शेडच्या मागं. एकच खोली, पुढं हातभर पडवी. मी आत पाय टाकणार तर म्हणाली, "पाय पुसा, आक्का, आत्ताच फरशी पुसलीया." मी पाय पुसले. आत चटई, शेगडी, दोन पातेली, दोरीवर दोन लुगडी. भिंतीवर कॅलेंडर, तेही अजून मागच्याच महिन्याचं. मला चटईवर बसवलं आणि चहा केला. मी तिच्यासाठी उप्पीट नेलं होतं, ते तिनं झाकून बाजूला ठेवलं. म्हणाली, नंतर खाती.

मी विचारलंच. काय कमी पडलं गं माझ्याकडं? आता तर रात्रीचं जेवणसुद्धा होतं! तर म्हणाली, "काय बी कमी न्हवतं. तुमच्यात बी खाट हुती, ताईंच्यात बी हुती. पर ती तुमची खाट. रातच्याला कूस बदलली तरी वाटायचं, कुनाला इचाराय पायजे. आता पगार येतूय, मग म्हटलं, बघावं." मी म्हटलं, उपाशी झोपत होतीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? "कसं सांगू? तुमी यवड्या आशेनं इचारायचा. तुमचं तोंड बारीक झालं असतं." म्हणजे तीन वर्षं ती मला सांभाळत होती, एखादं बोचकं सांभाळावं तसं.

आणि आपल्या दोघींच्या भांडणाचं तिला सगळं माहीत आहे. शिवतेजनं सांगितलं असणार. म्हणाली, "तुमी दोगी माज्यापायी भांडता म्हनं? शिकलेल्या बायका आनि असं?" मी चहाचा कप तोंडाला लावला. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस.

त्या लाल खुणेचं शिवतेजला सांग. मी ती काढायला गेले तर चार पर्याय येतात. बेपत्ता, मयत, दुसऱ्या निवाऱ्यात, घरी परत. मी 'घरी परत' दाबलं, तर पुढं विचारतंय, नातेवाईकाचं नाव काय? कुणाचं नाव घालू? बेघर बाई आपली आपण घर करून राहील, हे तुझ्या मुलाच्या डोक्यात आलं नाही, तुझ्या नाही, माझ्याही नाही. एक पर्याय वाढवायला सांग त्याला.

दहा वाजता ती उठली. "जावा आता, आक्का, माजी कामाची येळ झाली." मला बाहेर काढलं, कडी लावली, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचून गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पडवीत उभी. नंदे, तुझ्या पाच कॉलमांवर जळले होते त्याच्या दसपट जळले मी त्या बाईवर. वडलांच्या घरातून नवऱ्याच्या घरात आले, ते गेल्यावर आता मुलाच्या. कुठं कमी पडलं म्हणू? सगळं मिळालं. पण एवढ्या जन्मात एक दार असं नाही, जे मी लावलं आणि किल्ली माझ्यापाशी राहिली.

घरी आल्याआल्या अतिशयला म्हटलं, घराची एक किल्ली मला करून दे रे. तो मोबाइलमधून वर न बघता हसला. म्हणाला, "आई, तुला कशाला? घरात कुणी ना कुणी असतंच की."

कस्तुरी